खोडलेली ओळ

मासिकात होता तेव्हा सगळे त्याला लांबण म्हणत. एका खेळाडूवर लिहायचं तर हा महिनाभर त्याच्या घरी ठाण मांडून बसायचा, झिजलेल्या बुटांपासून आईच्या दुखऱ्या गुडघ्यांपर्यंत सगळं टिपायचा. आणि एक खोड होती. लेख छापायला देण्याआधी तो त्या माणसाच्या घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवायचा. समोरचा म्हणाला, हे नको, की ते वाक्य तिथल्या तिथे खोडायचा. संपादक कपाळाला हात लावायचे. बायको म्हणायची, लग्नाच्या वेळी मला इतकं विचारलं असतंस तर!

मासिक बंद पडलं आणि पोटापाण्यासाठी तो वर्तमानपत्रात गेला. रोजचा स्तंभ, बोटभर जागा, शेवटची शिट्टी वाजली की लगेच मजकूर हवा. त्यात वाचून कुणाला दाखवणार? पण लोकांना स्तंभ आवडला. चार ओळींत माणूस उभा करतो, म्हणू लागले. त्यालाही ते गोड लागलं, खोटं कशाला बोला.

त्या संध्याकाळी शहराच्या फुटबॉल संघानं हातचा सामना घालवला. दोन सोपे चेंडू गोलकीपरच्या डाव्या बाजूनं आत गेले. लांबणला शेवट सुचेना आणि कचेरीतून फोनवर फोन येत होते. मग एक ओळ आपोआप बोटांत उतरली: ‘दिवे लागले की याला चेंडू दोन दिसतात आणि हा नेमका चुकीचा अडवतो.’ स्वतःवर खूश होत त्यानं मजकूर पाठवला.

सकाळी छापलेलं वाचलं आणि त्याला आठवलं. ही ओळ त्याला काल सुचलेली नव्हतीच. याच गोलकीपरवर त्यानं मासिकात लिहिलं होतं. तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याबद्दलचं हेच वाक्य ऐकून तो म्हणाला होता, “एवढं काढ. क्लबला कळलं तर मला घरी बसवतील.” लांबणनं त्याच्यासमोर ते खोडलं होतं. कागदावरून गेलं, डोक्यातून गेलं नव्हतं.

वाचक हसले. क्लबनं मात्र गोलकीपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि आठवड्याच्या आत तो घरी बसला.

लांबण त्याच्याकडे गेला. दार आईनं उघडलं. एकेकाळी महिनाभर याला आग्रह करकरून वाढणारी बाई, नुसती बाजूला झाली. गोलकीपर खिडकीशी बसला होता. लांबण माफी मागू लागला, तर त्यानं त्या दिवशीचा पेपर पुढे केला.

“आधी वाचून दाखव. तेव्हा लेख वाचला होतास ना?”

लांबण उभ्यानंच वाचू लागला. त्या ओळीपाशी तो थांबला.

“वाच की,” गोलकीपर म्हणाला. “चांगलं वाक्य आहे. तेव्हाही मला आवडलं होतं.”

स्तंभ अजून चालू आहे. पाठवण्याआधी लांबण तो पुटपुटत वाचतो, मध्येच थांबतो, कुणीतरी ‘काढ’ म्हणेल म्हणून कान देतो. शेजारचे पत्रकार त्याची टिंगल करतात. करू देत. एखादी ओळ फार झकास उतरली की त्याच्या उरात धडकी भरते. ही आपली, की कुणी काढायला सांगितलेली, हे त्याला काही केल्या आठवत नाही.