तात्यांचं बोट

गुरुदत्त कोठाऱ्यांना ठाकूरद्वारला सगळे तात्या म्हणत. एका विमा कंपनीत ते जुनं रेकॉर्ड सांभाळत. कोणी फाइल मागितली की उठत, न चाचपडता काढून देत आणि परत आपल्या खुर्चीत येऊन बसत. अशी तेवीस वर्षं झाली होती. लहानपणी जिन्यावरून पडल्यामुळे त्यांचा उजवा गुडघा आखडला होता. त्यामुळे क्रिकेट त्यांनी कधी खेळलं नाही, नुसतं पाहिलं.

पण पाहिलं ते असं, की खेळणारे त्यांना वचकून असत.

रविवारी संध्याकाळी डॉक्टर धैर्यवानांचा दवाखाना बंद असे. त्याच्या तीन पायऱ्यांवर दहाबारा क्रिकेटवेडे जमत. मधली पायरी तात्यांची, पाय लांब करता यावा म्हणून. दिवसभर मैदानात जे झालं त्याची तिथे चिरफाड व्हायची. तात्यांचा तिथे एक नियम होता. खेळाडूबद्दल बोलायचं ते दोनदा. आधी तो खेळला कसा, मग तो वागला कसा. दोन्हींची खिचडी करायची नाही. एकदा समोरच्या संघातल्या एका गोलंदाजाने पाच बळी घेतले आणि सहावा, चेंडू टाकायच्या आत पुढे सरकलेल्या आपल्या फलंदाजाला ताकीद न देता धावबाद करून मिळवला. बंडू राणे चवताळला. म्हणाला, लुच्चा आहे तो, त्याला बॉलर म्हणूच नका. तात्या म्हणाले, "पाच बळींबद्दल त्याची पाठ थोपटा. मग सहाव्याबद्दल काय ते बोला."

बंडूला गप्प करणारा गिरगावात तो एवढाच माणूस. पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला बंडूने खांद्यावर लाठी खाल्ली होती, आणि तेव्हापासून कुठल्याही वादात तो खांदा पुढे करायचा.

मैदानात तात्या बांबूच्या कुंपणाला टेकून उभे राहत. कोटाच्या खिशात सहा चिंचोके. दर चेंडूला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. कधी पंचाने सातवा चेंडू टाकू दिला तर तात्या काही बोलत नसत. नुसते खाकरत. पंच वळून बघायचा.

घरी धाकटी विधवा बहीण नलू आणि तिचा मुलगा मनमोहन. मनमोहनचे वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. तात्यांनी त्याला अंकलिपीच्या आधी बॅट धरायला शिकवलं. स्वतः न खेळलेल्या माणसाने शिकवलेलं ते खेळणं होतं. त्यात चूक नव्हती आणि घाईही नव्हती. बाद दिलं की मान खाली न घालता, वरही न करता, सरळ तंबूकडे चालू लागायचं, हेही त्यातच आलं.

सत्तावन्न साली मनमोहन तेवीसचा झाला. मॅट्रिक होता, टायपिंग येत होतं, आणि नोकरी नव्हती. दोन वर्षं नलूने नवस केले आणि तात्यांनी अर्ज लिहिले. शेवटी दार उघडलं ते क्रिकेटने. परळच्या एका गिरणीच्या हेड ऑफिसला आपल्या संघासाठी एक फलंदाज हवा होता. खेळणाऱ्याला टेबल मिळायचं, कायमचं. तिथले साहेब, कुणी दौलतराव म्हणून होते, त्यांनी निरोप धाडला: सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी मी आझाद मैदानावर येतो. मुलाने माझ्यासमोर पन्नास केल्या तर सोमवारी कामावर घेतो. दुसरा एक मुलगाही नजरेत आहे, तेव्हा पुढच्या मोसमापर्यंत थांबता येणार नाही.

म्हणजे पन्नास धावा. आठवडाभर घरात दुसरा विषय निघाला नाही. नलूने बॅट देवासमोर ठेवली. मनमोहन म्हणाला, आई, तेल लावलंय तिला, हळदकुंकू नको.

सामना काळबादेवीच्या एका गुजराती क्लबशी होता. एरवी त्यात विशेष काही नव्हतं. दोन्ही क्लब वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळत, एकाच तंबूत चहा पीत. पण ते दिवस वेगळे होते. भिंतीभिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं होतं. कुंपणापाशी क्रिकेट न कळणारी माणसंही येऊन उभी राहत आणि चौकार गेला की घोषणा देत.

त्या दिवशी एकच पंच आला. अशा वेळी दुसऱ्या टोकाला फलंदाजी करणाऱ्या संघातलं कुणीतरी उभं राहायचं, हा रिवाज. काळबादेवीचा कॅप्टन कुंपणापाशी आला आणि तात्यांना म्हणाला, "कोठारेसाहेब, तुम्ही उभे राहा. मग आमची काही तक्रार नाही."

"माझा भाचा खेळतोय," तात्या म्हणाले.

"माहीत आहे. तरी तुम्हीच."

बंडू मागून म्हणाला, "जा तात्या. इतकी वर्षं पायरीवर बसून न्याय केलात, आता उभ्याने करा."

लोक हसले. कुणीतरी पांढरा डगला आणून दिला. तो लांडा होता, मनगटं उघडी पडत होती. तात्या लंगडत स्टंपांमागे जाऊन उभे राहिले. सहा चिंचोके डगल्याच्या डाव्या खिशात टाकले.

मनमोहन चांगला खेळला. खेळपट्टी ओली, गवत वाढलेलं, फटका मारला तरी चेंडू अडकायचा. तरीही तो पंचवीसवर गेला, तिसावर गेला. तंबूत दौलतराव काळी छत्री मांड्यांवर आडवी ठेवून बसले होते. पोराच्या बाजूने आपला हात झुकेल, ही भीती तात्यांना पहिल्या चेंडूपासून होती. दोन अपिलं आली. दोन्हींना त्यांनी नकार दिला. दोन्ही नकार बरोबर होते. पण दुसऱ्या वेळी गोलंदाज माघारी जाताना आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला, आणि कुंपणापलीकडून एक आवाज आला, "शाबास मामा, घरचाच आहे, सांभाळा."

तो आवाज आपल्याच माणसाचा होता. तात्यांचे कान तापले. मनात त्यांनी ठरवून टाकलं, आता अपील आलं तर कचरायचं नाही.

मनमोहन एक्केचाळीसवर होता. गोलंदाज धावत आला. चेंडू पडला, उसळला, बॅटीजवळून गेला. टक्क असं काहीतरी वाजलं. विकेटकीपरने चेंडू पकडला आणि थोडा वेळ जाऊन, जरा अर्धवटच, ओरडला. गोलंदाजाने वळून हात वर केले.

तात्यांचं बोट वर गेलं.

बोट वर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काही पाहिलंच नाही. चेंडू बॅटीजवळून गेला त्या क्षणी ते त्या आवाजाचाच विचार करत होते, शाबास मामावाल्या. वाजलं ते काय होतं? बॅट पॅडवर आपटली की काय? बोट खाली घेता आलं असतं. खेळाच्या नियमांत तेवढी सवड आहे. पण कुंपण एकदम शांत झालं होतं, आणि काळबादेवीचे अकराही जण त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होते की ते बोट तात्यांचं राहिलंच नव्हतं.

मनमोहनने बॅट काखेत घेतली. मान खाली घातली नाही, वर केली नाही. मामांच्या अंगावरून सरळ तंबूकडे गेला.

दौलतराव उठले. छत्री उघडून निघून गेले.

ओव्हर संपल्यावर तात्यांनी उजव्या खिशात हात घातला. चिंचोके पाचच होते. एक चेंडू त्यांनी मोजलाच नव्हता.

संध्याकाळी पायऱ्यांवर जागा उरली नाही. आधी बंडूने तोंडसुख घेतलं. या दिवसांत आपलं पोर त्यांच्या घशात घालायचं म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. अरे, सख्खा भाचा, वर नोकरीचा प्रश्न, तरी बोट थरथरलं नाही. काळबादेवीचा कॅप्टन डबाभर पेढे घेऊन मुद्दाम ठाकूरद्वारला आला होता. तात्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, आज मी माझ्या मुलांना घरी जाऊन सांगणार. शेवटी बंडूही नरमला. मनमोहनबद्दल नियमाप्रमाणे दोनदा बोलणं झालं. खेळला उत्तम. वागला त्याहून उत्तम.

तात्यांनी पेढा हातात धरून ठेवला.

घरी मनमोहन बॅट पुसत होता. नलू आत होती. तात्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "लागली होती का रे?"

"अंपायरने दिलं की दिलं, मामा. तुम्हीच शिकवलंत."

"मी अंपायर म्हणून विचारत नाही."

मनमोहनने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "नाही लागली. बॅट पॅडवर आपटली. आईला सांगू नका."

तात्यांना आत कुठेतरी ते ठाऊक होतं. तरी ते तिथेच खाली बसले. गुडघा दुमडत नव्हता, त्यामुळे एक पाय लांब करूनच बसावं लागलं.

मंगळवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. तेवीस वर्षांत तिसऱ्यांदा. परळला गिरणीच्या ऑफिसात जाऊन दौलतरावांपुढे उभे राहिले. म्हणाले, माझी चूक झाली, मुलगा बाद नव्हता, त्याची शिक्षा त्याला देऊ नका.

दौलतरावांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. झालेला प्रकार त्यांच्या कानावर सविस्तर गेला होता. ते भल्या माणसासारखे बोलले. "कोठारे, त्या मैदानात मी तुमच्याइतका सरळ माणूस पाहिला नाही. आता भाच्याच्या मायेने शब्द फिरवू नका. तुमचं बोट खोटं, असं मी का मानू? आणि ती जागा काल भरली."

"मी खोटं बोलत नाही."

"मामा आहात तुम्ही. मीही मामा आहे."

तात्या चहा तसाच ठेवून उठले. जिना उतरताना त्यांना हसू आलं, मग थांबावं लागलं, कठडा धरून.

पुढच्या रविवारी त्यांनी पायऱ्यांवर तोंड उघडलं. सगळं सांगितलं. तो मोजायचा राहिलेला चिंचोकासुद्धा. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, तात्या, किती विनय कराल. दुसरा म्हणाला, घरात बोलणी बसली असतील. नलूताईंचंही बरोबर आहे म्हणा.

सगळे पांगल्यावर बंडू मागे राहिला. लाठी खाल्लेला खांदा चोळत म्हणाला, "तात्या, मी मानतो तुमचं. खरं असेल. पण आता पुन्हा बोलू नका."

"का?"

"काळबादेवीत तुमची गोष्ट सांगतात लोक. परवा आमच्या गल्लीत त्यांच्या एका दुकानावर पोरं दगड घेऊन गेली होती. शेठ पुढे येऊन म्हणाला, तुमच्यातल्याच एकाने आमच्यासाठी घरचं पोर बाद दिलं, आणि तुम्ही असे? पोरं परत फिरली. आता तुम्ही म्हणणार, चुकून दिलं. मग त्या शेठने काय करायचं?"



मनमोहन कॉटन ग्रीनला एका गोदामात लागला. दिवसभर कापसाच्या गाठी आत येताना आणि बाहेर जाताना टिपायच्या. रविवारीही बोलावणं यायचं. पुढच्या मोसमात तो दोन सामने खेळला. त्याच्या पुढच्या मोसमात एकही नाही. श्वासात तूस जायचं, तो खोकायचा. बॅट नलूने जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती भावाला दोन वेळा वाढायची, आणि वाढताना आपल्या मुलाला बाद देणाऱ्या त्या हाताकडे कधी बघायची नाही. तात्या मैदानात जात राहिले. डगला घालायला मात्र कुणी विचारलं की गुडघ्यावर हात ठेवत.

साठ साली महाराष्ट्र झाला. बंडूने गल्लीभर पेढे वाटले. जूनमध्ये एका रविवारी मनमोहनला सुट्टी होती. कधी नव्हे तो तात्यांबरोबर पायऱ्यांवर आला, खालच्या पायरीवर बसला. प्रभादेवीहून नव्याने राहायला आलेला हेरंब म्हणून एक बँकेतला गृहस्थ तिथे होता. ती गोष्ट त्याने प्रभादेवीलाच ऐकली होती. तिच्यातला भाचा हाच, हे कळल्यावर तो सरसावून बसला.

त्याने विचारलं, "खरं सांगा हं, राग नाही आला? काही वाटलं असेलच ना, जाताना?"

बंडू रस्त्याकडे बघू लागला. तात्यांनी मान वर केली. तीन वर्षांत हा प्रश्न मनमोहनला कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. तो बोलला तर लोक मानतील. त्याच्या एका वाक्याने सगळं सरळ होईल, आणि मग जे व्हायचं ते होवो, असं तात्यांना वाटलं.

मनमोहनला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत हेरंब थांबला.

"राग कसला?" मनमोहन म्हणाला. "लागली होती. थोडीशीच, पण लागली होती. मामांच्या कानातून सुटायची नाही."

हेरंबने तात्यांकडे बघून हात जोडले.

तात्यांनी खिशात हात घातला आणि एक चिंचोका डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात टाकला.