चाड्यावरचा हात

सोजरबाईचा उजवा हात पोळ्यानंतरच्या आठवड्यात गेला. गेला म्हणजे लुळा पडला नाही. तो हलत होता, भाकर मोडत होता, पदर सावरत होता. फक्त तिला तो कळत नव्हता. त्या सकाळी चहाची कपबशी हातातून पडली आणि पडल्याचं तिला आवाजावरून कळलं.

वाशिमच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. धाकट्या जावेची, साधनाची मुलगी निकिता तिथेच नर्सिंग शिकते. तिने घरी येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं. उजव्या अंगाची खबर मेंदूच्या डाव्या बाजूला पोचते. मेंदूकडून हाताकडे हुकूम येतो ती वाट वेगळी आणि हाताकडून मेंदूकडे खबर जाते ती वाट वेगळी. मोठ्या आईची हुकमाची वाट शाबूत आहे. खबरेच्या वाटेवर, मेंदूत आत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी जागा रक्तावाचून सुकली आहे.

"मोठी आई, हात आंधळा झाला समज," निकिता म्हणाली. "आता तुह्या डोळ्यानं त्याले चालवायचं."

तसंच झालं. सोजरबाई हाताकडे बघत असली की हात पेला धरून ठेवायचा. कुणी हाक मारली, तिने मान वळवली, की पेला खाली. कधी उलटं व्हायचं. बघायचं राहून गेलं की मूठ इतकी आवळली जायची की नखं तळव्यात रुतायची, आणि तेही तिला नंतर दिसायचं.

मालेगावहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या गावात सोजरबाईच्या मुठीला नाव होतं. सोयाबीन ट्रॅक्टरने पेरतात आता सगळेच. पण सोयाबीन निघाल्यावर हरभरा मात्र तिचा दीर, साधनाचा नवरा भागवत, अजून बैलांच्या तिफणीने पेरतो, आणि त्याच्या मागे शेजारचे तिघेचौघेही. तिफणीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्याला तीन भोकं, भोकांखाली तीन नळ्या. मागून चालणाऱ्या बाईने चाड्यावर मूठ धरायची. अंगठा दाणे सोडतो, मनगट थोडं थोडं फिरतं, तिन्ही नळ्यांत सारखं बी उतरतं. पेरणीच्या सकाळी चाड्याला हळदकुंकू लावतात आणि मग मूठ धरणारीला. सत्तावीस वर्षं ते कुंकू सोजरबाईच्या कपाळावर लागलं. दुसऱ्यांच्या शेतातही तिलाच बोलावणं यायचं. आठव्या दिवशी हरभरा उगवला की लोक बांधावर उभे राहून तास, म्हणजे उगवलेल्या ओळी, बघायचे आणि न विचारता सांगायचे, ही मूठ कोणाची.

तिने ती कुणाला शिकवली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

आता ती ओसरीत बसून साधनाकडे बघत राहायची. साधना दहा वर्षांनी लहान. चेहरा साधा, आवाज थोडा चिरका. तिच्या रूपाचा सोजरबाईला कधी हेवा वाटला नव्हता. घरात तिचं ऐकलं जायचं, त्याचाही नाही. आता मात्र साधना बोलता बोलता तांदूळ निवडायची आणि तिची बोटं आपली आपण खडा शोधून बाहेर टाकायची. डब्यात न बघता हात घालून ती जिरं काढायची, मोहरी नाही. पाठीमागे हात नेऊन केसांची गाठ मारायची. इतकी श्रीमंती, आणि ती वापरताना बाईच्या तोंडावर काहीच नाही. हेच सोजरबाईला सहन होईना.

साधना तिची सेवा करायची, त्याने ते आणखी वाढलं. एकदा साधनाने वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि सोजरबाईच्या तळव्याखाली ठेवली, ऊब लागली तर हात जागा होईल म्हणून. आमच्याकडे दुखऱ्या अंगाला असंच शेकतात. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. वीट उचलली तेव्हा तळव्यावर दोन फोड होते. निकिता आईवर चिडली. तिने सांगितलं की तव्याचा चटका बसला तर हात मागे घ्यायला मेंदूला विचारावं लागत नाही, पाठीचा कणाच ते काम करून टाकतो. पण अशी मंद ऊब कण्याला घाई करत नाही. ती वर मेंदूला कळावी लागते, आणि इथे कळणंच बंद आहे. साधना रडली. सोजरबाईने तिला समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या चंपाबाईला हळूच सांगितलं की साधनाने हात मुद्दाम जाळला. असं नव्हतं, हे सांगतानाच तिला माहीत होतं. सांगून बरं वाटलं.

दिवाळीच्या आधी भागवतने ठरवलं की यंदा चाड्यावर साधना राहील. ते त्याने सोजरबाईला विचारल्यासारखं सांगितलं. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी साधना सुपात हरभरा घेऊन तिच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, शिकवा.

सोजरबाईने शिकवलं. मूठ किती भरायची, अंगठा कुठे ठेवायचा, मनगट कसं फिरवायचं, बैल वळताना मूठ कशी बंद करायची. सगळं खरं सांगितलं. शेवटी म्हणाली, डोळा हातावर ठेव, हातावरून हलवू नको.

हे खोटं होतं आणि खोटं नव्हतंही. ती स्वतः आता तसंच जगत होती. पण सत्तावीस वर्षांत तिने पेरताना एकदाही हाताकडे पाहिलं नव्हतं. डोळा बैलांच्या खांद्यावर असायचा, पाय बैलांच्या चालीत, आणि अंगठा पायांच्या मागे आपोआप. पाहिलं की अंगठा अडतो. तिला हे पक्कं माहीत होतं.

पेरणीच्या सकाळी साधनाच्या कपाळाला कुंकू लागलं. सोजरबाई बांधावर बाभळीखाली बसली. तिफण निघाली. साधनाची मान खाली, डोळे मुठीवर. पाय मागे पडायचे, मग ती धावायची, धावताना मूठ एकदम सुटायची. नळ्यांतून दाणे उतरताना एक सारखी सरसर येते. ती येत नव्हती. मधेच खडखड, मग काहीच नाही. सोजरबाईने डोळे मिटून ते ऐकलं. गोड वाटलं तिला.

दुसऱ्या फेरीनंतर भागवतने बैल थांबवले आणि माती उकरून पाहिली. एका जागी सात दाणे, पुढे दीड वीत काही नाही.

"हरभरा पेरून राह्यली का कोंबड्याईले टाकून राह्यली?" तो हसत म्हणाला.

साधना हसली नाही. तिने पदराने तोंड पुसलं, कुंकू पसरलं. भागवतने कासरा गुंडाळला. मग कुणाला दोष न देता त्याने सांगितलं की राहू दे, उद्या ट्रॅक्टर सांगतो, आता कायमचंच.

सोजरबाईने हे हिशेबात धरलं नव्हतं. साधनाची मूठ फसावी, लोकांनी सोजरबाईची आठवण काढावी, एवढंच तिने मागितलं होतं. पण उद्या ट्रॅक्टर आला की चाडं माळ्यावर जाणार. मग ती मूठ कोणाची असते हे कुणाला आठवायचंच कारण नाही. साधनाच्या हातात ती राहिली तर निदान दरवर्षी बघून जळता तरी येईल.

तिने बसूनच हाक मारली.

"साधने. हाताकडे पाहू नको. बैलाच्या खांद्याकडे पाह्य."

साधना वळली. "काल तं तुमी..." एवढंच म्हणाली आणि थांबली. भागवत बैलांच्या पाठीवरच्या माशा हाकलत होता. मग साधनाने मूठ भरली, मान वर केली आणि बैलांना हाक दिली.

वीसेक पावलं बिघडलं. मग सरसर सुरू झाली. तिन्ही नळ्यांतून एकसारखी. सोजरबाईला ती सरसर पाठ होती, त्यामुळे कुठेतरी चूक सापडेल म्हणून ती कान देऊन होती. सापडली नाही. तिची नजर सहज मांडीवर गेली. तिथे तिचा उजवा हात होता, फोडांचे डाग असलेला. त्याचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, मनगट थोडं थोडं फिरत होतं, साधनाच्या पावलांच्या ठेक्यात. कधीपासून, कोण जाणे. तिला तो फक्त दिसत होता. तिने नीट पाहिलं आणि अंगठा अडला. तिला वाटलं, हा हातही साधनाच्या बाजूचाच झाला.

आठव्या दिवशी हरभरा उगवला. सगळं शेत आखल्यासारखं, पहिल्या दोन फेऱ्या सोडून. बांधावर शेजारचा शेषराव आणि आणखी दोघे थांबले. शेषरावने विचारलं, सुरुवातीला काय झालं, मोठ्या वहिनीनं धरली होती का मूठ, आंधळ्या हातानं?

"नाही. ते माह्यंच," साधना म्हणाली.

सोजरबाई चार पावलांवर उभी होती. चुकीचं कोणी शिकवलं होतं, ते साधनाला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही, आणि आता हा मोठेपणाही तिचाच झाला. सोजरबाईने पदरात हरभरा घेतला आणि पहिल्या तासात खाली बसली. जिथे काही उगवलं नव्हतं तिथे डाव्या हाताने खुरप्याचं टोक मातीत घातलं, उजव्या हातात एक दाणा धरला आणि त्याच्यावर डोळा ठेवून तो आत सोडला. मग पुढचा. मागून कुणी हाक मारली तरी तिने मान वळवली नाही.