वाणात दिलेला चिनी मातीचा जग

आईकडे चिनी मातीचा एक जग होता. पांढऱ्या अंगावर निळी वेल आणि पोटावर एकच पक्षी. बाबांना नोकरीत मिळालेल्या सेक्टर १०च्या क्वार्टरमध्ये तो शोकेसमध्ये असायचा. रविवारी आई तो पुसायला काढायची, मी शेजारी बसायची. पक्ष्याच्या शेपटीची रेघ कारागिरानं एका दमात ओढली होती. सुरुवातीला गर्द, मग ब्रश कोरडा पडत गेलेला, आणि शेवटचा फिका फटकारा थेट मुठीवर चढलेला.

"पुन्हा रंग नाही घेतला त्यानं," आई म्हणायची. "हिंमत पाहिजे."

घरात हे आम्हा दोघींनाच दिसायचं. बाबांना तो पाण्याचा जग होता, धाकट्या भावाला अडगळ.

बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून सगळे वैशाली नगरच्या स्वतःच्या घरात आले. सामान वाटताना आईनं मला मोठा कुकर दिला. जगाचं मी विचारलं नाही. तो माझाच, असं धरून चालले होते.

त्या संक्रांतीला भावजयीचं पहिलं हळदीकुंकू होतं. हॉल बायकांनी भरलेला. आईनं जगात तिळगूळ भरला, मुठीला कुंकवाचं बोट लावलं आणि तो सुनेच्या ओटीत ठेवला. वाण एकदा दिलं की परत मागता येत नाही.

आईला स्वयंपाकघरात गाठलं. "मले विचारलं कावून नाही?"

"तुले कुकर दिला न."

"मागितला होता का मी?"

"तू कामाची बाई आहेस. तुले फुला-पाखरांचं काय करायचं आहे?" आणि वर हसली.

ते रविवार ती विसरली असती तर चाललं असतं. विसरली नव्हती. सुनेला खूश ठेवणं गरजेचं होतं. मी रुसणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

बायका गेल्यावर भावजयीनं जग माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्हीच धुवा नं. मुझसे टूट जाएगा."

धुतला, पुसला. शोकेसमध्ये ठेवताना पक्ष्याचं तोंड भिंतीकडे केलं.

आई दारातच उभी होती. "उलटा ठेवला न वं तू."

"असू दे. तिले दोन्हीकडून सारखाच दिसते."

आई शोकेसपर्यंत गेली, काचेवर हात ठेवला. जग मात्र फिरवला नाही.