वस्तऱ्याखालचा होकार

निकाल मोबाईलवर आला तेव्हा लेफ्ट्या एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत होता. त्याने एका हाताने मोबाईल उघडला, मार्क पाहिले आणि पुन्हा झटकायला लागला. मान केव्हाच स्वच्छ झाली होती.

"अरे, कातडी तरी ठेव," गिऱ्हाईक म्हणालं.

मार्क कमी होते. चांगलेच कमी. सैनिकी अकादमीच्या प्रवेश परीक्षेत तो दुसऱ्यांदा आपटला होता. भाषेत कसंबसं निभावलं होतं, गणितात धुव्वा उडाला होता. उत्तरपत्रिकेवरचे शेवटचे गोळे त्याने घड्याळाकडे बघत देवावर भरवसा ठेवून काळे केले होते, आणि चुकलेल्या गोळ्यांनी बरोबर आलेल्यांचेही मार्क खाल्ले होते.

लेफ्ट्या हे नाव गल्लीचं. लहानपणी तो दूध आणायलासुद्धा लेफ्ट-राइट करत जायचा. बाबांचं सलून अकादमीच्या रस्त्यावर होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला एक बाकडं. सुट्टीच्या दिवशी कॅडेट रांगेने यायचे, बारीक केस आणखी बारीक करून घ्यायचे आणि बूट वाजवत जायचे. त्यांचे केस झाडता झाडता लेफ्ट्याने ठरवून टाकलं होतं की आपणही असेच बूट वाजवणार. आई म्हणायची, "बूट वाजवायला अक्कल लागत नाही, आत शिरायला लागते." ती बोलायची तिखट, पण पहाटे धावायला जाणाऱ्या पोरासाठी रोज त्याच्याआधी उठायची.

बाबांनी त्याला काम शिकवलं ते फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. फुगे फुटायचे थांबले तेव्हा बाबा म्हणाले, "आता हात तयार झाला. आता तोंड तयार कर. खुर्चीतल्या माणसाकडे काही मागायचं नाही. गळ्यावर वस्तरा असताना कुणी नाही म्हणत नाही."

बाबा हे नुसतं बोलत नव्हते, पाळत होते. सलूनसमोरचा रस्त्याचा दिवा बंद पडला होता तेव्हाची गोष्ट. नगरसेवक दाढीला आला. बाबांनी त्याची दाढी केली, मान चोळून दिली, हवापाण्यावर गप्पा मारल्या. तो उठला, बूट घातले, बाहेर पडला. मग बाबा त्याच्या मागोमाग रस्त्यावर गेले आणि तिथे हात जोडून म्हणाले, "साहेब, तेवढा दिवा बघा." नगरसेवक म्हणाला, "अहो, मग आत का नाही बोललात?" बाबा नुसते हसले. दिवा काही लागला नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही.

अकादमीत शिरायला आणखी एक फट होती. कट-ऑफच्या खाली राहिलेला एखादा मैदानी चाचणीत फार चमकला असेल, तर निवड कमिटी त्याला मुलाखतीला बोलवू शकत असे. बोलवायलाच पाहिजे असं मात्र नव्हतं. लेफ्ट्या धावण्यात सगळ्यांच्या पुढे आला होता. आणि कमिटीवर जे होते त्यातले एक, अकादमीत उभा जन्म शिकवून निवृत्त झालेले साहेब, एक दिवसाआड सकाळी बाबांच्या खुर्चीत येऊन बसत. ते दुसऱ्या कुणाकडून दाढी करून घेत नसत. बाबा फेस लावायला लागले की डोळे मिटत, ते तुरटी फिरली की उघडत.

निकालानंतरच्या आठवड्यात बाबा कात्र्यांना धार लावून आणायला बाजारात गेले होते. साहेब लवकर आले.

"बाबा नाहीत," लेफ्ट्या म्हणाला. "थांबता का?"

"थांबून काय करू? तू कर. बघू बापाचा हात उतरलाय का तुझ्यात."

हात उतरला होता. एक गाल झाला, दुसरा झाला. साहेबांनी मान मागे टाकली. वस्तरा गळ्यावर आला.

"साहेब, एक विचारू?"

"हं."

"तुम्ही कमिटीत आहात ना?"

साहेबांनी डोळे उघडले. "आहे."

"माझे मार्क कमी आलेत. पण धावण्यात मी पहिला आहे. माझं नाव निघालं तर तेवढा एक शब्द टाकाल का?"

त्याने वस्तरा दाबला नव्हता. नुसता थांबवला होता. साहेबांचा कंठ वर गेला, पात्याखालून खाली आला.

"टाकतो," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की."

पुढे कितीतरी दिवस लेफ्ट्या या दुसऱ्या प्रश्नाशी अडत राहिला. पहिला तोंडातून निसटला असं स्वतःला सांगता आलं असतं. दुसरा निसटला नव्हता. दुसरा विचारताना त्याने आरशात पाहिलं होतं, आणि आरशात साहेबांचे डोळे वस्तऱ्याकडे होते.

तुरटी न लावताच साहेब उठले. बाबा परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी येऊन गेलं का?"

"कुणी खास नाही," लेफ्ट्या म्हणाला.

साहेब पुन्हा आले नाहीत.

मुलाखतीचं बोलावणं मात्र आलं. बाबांनी ते ज्याला त्याला सांगितलं. अर्धी दाढी झालेल्या माणसांना सांगितलं, नुसतं वर्तमानपत्र वाचायला येऊन बसणाऱ्यांना सांगितलं. आईने इस्त्रीवाल्याला बजावलं, "शर्टाला चुणी दिसली तर तुला कॅडेटांकडून धुऊन काढीन." लेफ्ट्या हसला. हसताना त्याला आपलाच चेहरा उसना वाटला.

आणि बाबा रोज साहेबांची वाट बघत.

"आजारी असतील," पहिल्यांदा म्हणाले. मग म्हणाले, "गावाला गेले असतील." मग एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन परत आले आणि ती हातात धरूनच बसले. आईने खोदून विचारल्यावर बोलले.

"साहेब भेटले. हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवलेला. स्वतःच करतायत. मी नमस्कार केला, तर रस्ता ओलांडून पलीकडे गेले."

"गेले तर गेले. दुसरं गिऱ्हाईक येईल."

"तसं नाही गं. मागच्या वेळी कानापाशी त्यांना जरासं लागलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण लागलं होतं." त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला. "जड झालाय बहुतेक."

लेफ्ट्या समोर बसून चहा पीत होता. तोंड उघडायची तीच वेळ होती. त्याने बिस्कीट बुडवलं. ते गळून कपात पडलं.

त्यानंतर बाबांनी हळूहळू दाढ्या त्याच्याकडे सरकवायला सुरुवात केली. "तू घे हे. मी कटिंग बघतो." जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली. एकाने चेष्टा केली, "काय हो, हात कुणाला भाड्याने दिला?" बाबा म्हणाले, "वय झालं." अजून त्यांचे केससुद्धा पुरते पिकले नव्हते. लेफ्ट्या दाढ्या करत होता आणि बाबा मागे उभे राहून त्याच्या हाताकडे बघत होते. त्या बघण्यात कौतुक होतं. लेफ्ट्याला त्या कौतुकापेक्षा चार मुस्काटात बसलेल्या चालल्या असत्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आईने त्याला दारातच गाठलं.

"तुझ्या बापाने फुगे आणलेत. कुणाचा वाढदिवस आहे?"

तो सलूनकडे पळत गेला. संध्याकाळ नुकती झाली होती, पण शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत शिरला. बाबा बाकड्यावर बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर फेसाने माखलेला लाल फुगा. ते श्वास रोखून वस्तरा फिरवत होते. फेस पट्ट्यापट्ट्यांनी निघत होता आणि खालून लाल रंग दिसत होता. शेवटची पट्टी निघाली. फुगा शाबूत होता.

"फुटला नाही," बाबा म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. "तीन केले. एकही फुटला नाही. मग काय चुकलं रे माझं?"

"तुमचं नाही चुकलं."

"मग?"

लेफ्ट्याने सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. साहेब आले होते, दाढी मी केली, करता करता मागितलं. तो थांबल्यावर बाबांनी विचारलं, "वस्तरा कुठे होता?"

त्याने स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. "इथे."

"आणि ते हो म्हणाले."

"हो. मग मी नक्की ना, असंही विचारलं."

बाबांनी फुगा अलगद बाजूला ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. वस्तरा पुसला, मिटला. आवाज चढवला नाही.

"मी उद्या जात नाही," लेफ्ट्या म्हणाला. "ते बोलावणं माझं नाहीच."

"जायचं. बोलावलंय तर जायचं. तिथे खोटं बोलू नकोस, एवढं कर. इथलं मी बघतो."

"बाबा, मी..."

"शटर वर घे. दमट वास येतोय."

मुलाखतीला टेबलामागे तिघे होते. मधल्या अधिकाऱ्याच्या हातात त्याचे मार्क होते.

"गणिताचं हे काय?"

"येतं, सर. घड्याळ लावलं की येत नाही."

"लढाईत घड्याळ थांबवून देऊ का तुम्हाला?"

कडेच्या बाई अधिकारी हसल्या. तोही थोडा हसला. मग धावण्याबद्दल विचारलं, घराबद्दल विचारलं, सलूनमध्ये काय काय करतोस ते विचारलं. सगळं बरं चाललं होतं. शेवटी मधल्यांनी सवयीने विचारावं तसं विचारलं, "अकादमीत कुणी ओळखीचं?"

नाही म्हणता आलं असतं. कुणी मागे जाऊन बघणार नव्हतं.

"कमिटीतले एक साहेब, सर. त्यांना मी शब्द टाकायला सांगितलं होतं."

"केव्हा?"

"त्यांची दाढी करताना."

"म्हणजे गळ्यावर वस्तरा ठेवून?" मधले म्हणाले आणि तिघेही खळखळून हसले.

"हो, सर," लेफ्ट्या म्हणाला.

हसणं एकेकाचं थांबलं. मधल्यांनी पेन उचललं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "या तुम्ही."

घरी आला तेव्हा बाबा जेवायला बसले होते. नेहमीच्या वेळेआधी. आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"मी साहेबांकडे गेलो होतो," बाबा म्हणाले. "म्हटलं, पोराच्या वतीने माफी मागायला आलोय. तर तेच माझी माफी मागायला लागले."

"त्यांनी कशाची मागायची?"

"म्हणाले, मी घाबरून हो म्हणालो. जन्मभर पोरांना छाती पुढे काढायला शिकवलं आणि कोवळ्या पोराच्या हातातल्या पात्याला घाबरलो. मग तुमच्या दुकानात कुठल्या तोंडाने येऊ?" बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. "शब्द टाकलाच नाही त्यांनी. तुझं नाव निघालं तेव्हा खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. बाकीच्यांनी तुझं धावणं पाहून तुला बोलावलं."

लेफ्ट्याला हे समजायला वेळ लागला.

"म्हणजे ते बोलावणं..."

"तुझंच होतं!" आता बाबांचा आवाज चढला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुझं स्वतःचं होतं ते, गाढवा. आपल्याच घराचं कुलूप फोडून आत शिरलास तू. आणि त्यापायी एका भल्या माणसाला रस्ता ओलांडायला लावलास."

आई म्हणाली, "जेवू दे त्याला."

"मी कुठे धरलाय त्याचा हात?"

पण तो जेवला नाही.

महिन्याने नकार आला. कारण दिलं होतं ते मार्कांचं. मुलाखतीतल्या उत्तराबद्दल अक्षर नव्हतं. त्या उत्तराने घात केला की गणिताने, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. आई चिडली. "खरं बोलून काय मिळालं?" बाबा म्हणाले, "काही मिळावं म्हणून बोलतात काय?" आणि सलूनला गेले. दाढ्या आता पुन्हा तेच करत होते. लेफ्ट्याकडे कटिंग आलं होतं. साहेबांची खुर्ची सकाळी रिकामी राहायची; बाबाच पेटी घेऊन त्यांच्या घरी जात होते.

वयाच्या अटीत आणखी एक परीक्षा बसत होती. लेफ्ट्याने गणिताचं पुस्तक काढलं, दोनदा परत ठेवलं. मग एका दुपारी हात धुऊन, शर्ट बदलून तो साहेबांच्या घरी गेला. साहेब अंगणात कुंडीतली माती उकरत होते. त्याला बघून ते सरळ उभे राहिले. लेफ्ट्या फाटकाबाहेरच थांबला.

"साहेब, त्या दिवशी मी वाईट वागलो."

"वागलास."

"मला परीक्षेसाठी गणित शिकवाल का? नाही म्हणालात तरी चालेल."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. घाईने नाही, चांगलं निरखून. हातातली माती झटकली.

"नाही," ते म्हणाले.

"बरं."

"मला गणित येत नाही. मी इतिहास शिकवायचो. आणि येत असतं तरी नाही म्हणालो असतो. माझा राग अजून गेलेला नाही."

"बरं, साहेब."

"परीक्षा दे मात्र."

"देतो."

साहेब पुन्हा कुंडीकडे वळले. लेफ्ट्या परत निघाला. कोपऱ्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण चालत नाही आहोत, धावतोय. त्याने पाय आवरले आणि बाकीचा रस्ता सावकाश चालत, पाढे म्हणत गेला. सतराच्या पाढ्याशी अडला. मागे जाऊन पुन्हा सुरू केला.