सुगरणीची चिमूट

सगळी इमारत तिला सुगरण म्हणायची, आणि तिला ते मान्य होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या स्वयंपाकघराचा वास जिन्यात उतरला की तळमजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून वर बघायचा. हिच्या हाताला चव आहे, असं शिंपी म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, आणि नवरा तर अठ्ठावीस वर्षं म्हणत आला होता. इतकं ऐकल्यावर कुणीही नम्र राहत नाही, आणि ही तर मुळात नम्र नव्हतीच. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेली की पहिला घास तोंडात ठेवून अशी काही बघायची, की वाढणारीचा हात तिथेच थांबायचा.

तिच्या नाक मुरडण्याचा सगळ्यात मोठा वाटा मोठ्या जावेच्या पदरात पडे. जाऊ वरच्या मजल्यावर एकटीच राहायची. बावीस वर्षं तिने एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली होती. तिथे मीठ चमच्याने मोजायचं, चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, आणि मग रुग्णांनी तोंड वाकडं करून जेवायचं. नोकरी संपली तरी जावेची सुरी काही सुटली नाही. सुगरणीने तिचं नाव अळणीबाई ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. मोजून करतो तो कंपाउंडर, आपल्या हाताला आपोआप कळतं, असं ती चारचौघांत सांगायची. हे हाताला कळणंच पुढे तिला भोवलं.

नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. घरात त्याला कुणी विचारत नसे, आणि त्याचीही तक्रार नसे. पण एकदा स्टिअरिंगवर बसला की हा माणूस वीतभर उंच दिसायचा. त्या वर्षी कंपनीच्या तपासणीत त्याचं प्रेशर इतकं चढलेलं निघालं, की डॉक्टरने पट्टा सोडून पुन्हा बांधला. गोळ्या दिल्या, मीठ निम्म्याहून कमी करा असं बजावलं, लांबच्या फेऱ्या बंद केल्या आणि सहा आठवड्यांची मुदत दिली. तोवर उतरलं नाही, तर बस कायमची सुटणार होती. मग आगारातल्या कोपऱ्यात बसायचं आणि प्रवासी विसरून गेलेल्या छत्र्या सांभाळायच्या.

सुगरण घाबरली. घाबरली की ती चिडायची, आणि चिडली की कामाला लागायची. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिने आईच्या मोबाईलवर एक सडपातळ बाई शोधून दिली. ही बाई रोज एक नवा, तब्येतीला चांगला पदार्थ शिकवायची आणि प्रत्येक घासाला डोळे मिटायची. हिच्या घरी चूल पेटते तरी का, असं सुगरणीने पहिल्याच दिवशी विचारलं. तरी वही घेऊन बसली.

मग सुरू झाले प्रयोग. ओटचं सूप केलं, ते भिंतीला कागद चिकटवायच्या खळीसारखं झालं. फ्लॉवर किसून त्याचा भात केला. त्याला भात म्हणायला जीभ रेटेना, म्हणून ताटात वाढताना ती नुसतं "हे घ्या" म्हणाली. बिटाच्या वड्या ओव्हनमध्ये भाजल्या, त्यांनी तीन टॉवेल रंगवले. कोंड्याचा पाव तर असा बसला, की लेकीने दाराला अडसर म्हणून लावून पाहिला. मोबाईलमधल्या बाईला शिव्या घालत सुगरणीने प्रत्येक पदार्थ आपल्या पद्धतीने दुरुस्त केला. सुपात भाजलेला लसूण घातला, भोपळ्यात मिरी, मशरूममध्ये लिंबू. दुसऱ्या आठवड्यापासून ताटं चाटूनपुसून रिकामी व्हायला लागली. वहीत लिहिलेलं अर्धा चमचा मीठ ती सगळ्यांना दाखवून घालायची, आणि मग चमचा वाजवून बरणीत टाकायची. बिनमिठाचं खाऊनही बोटं चाटता ना, असं विचारायची. जाऊ एकदा खाली आली होती, तिने दोन चमचे सूप घेतलं आणि हे मिठाचं लागतंय गं, एवढंच म्हणाली. जिची जीभ इस्पितळात मेली तिने चवीवर बोलू नये, असं सुगरणीला वाटलं. तसं ती ऐकू जाईल इतक्या हळू बोललीही.

तीन आठवड्यांनी औषधाच्या दुकानात प्रेशर मोजलं. जिथल्या तिथे. चार आकडे उतरले होते, तेही बहुधा गोळ्यांना लाज वाटली म्हणून.

सुगरणीने निकाल देऊन टाकला: नवरा बाहेर खातो. आगाराच्या कॅन्टीनमध्ये तळलेले बटाटे मिळतात हे तिला माहीत होतं. ड्रायव्हर नाही म्हणाला, शपथ घेतली, मग नेहमीसारखा गप्प बसला. त्या गप्प बसण्याला तिने कबुली मानलं. आठवडाभर त्याला असं धारेवर धरलं, की बिचारा चहासुद्धा विचारून घ्यायला लागला. शेवटी एक दिवस दुपारी ती न सांगता आगारात जाऊन थडकली आणि कॅन्टीनच्या खिडकीतून आत बघितलं. सगळे बटाटे खात होते. तिचा नवरा कोपऱ्यात तिच्याच डब्याला बोट लावून पुसून खात होता. मेकॅनिकने तिला पाहिलं, तोंडात तिच्याच डब्यातला घास होता. वहिनी, बिनमिठाचं असून हे असं लागतं, तुमच्या हाताला खरंच तोड नाही, असं म्हणाला.

झालं. नवऱ्याची माफी मागायची राहून गेली, आणि स्तुती तेवढी घरी आली. संध्याकाळी तिने लेकीला फर्मान सोडलं, की त्या सडपातळ बाईचं पुरे, आता मी करते आणि तू मोबाईलवर घे. जगाला कळू दे स्वयंपाक कशाला म्हणतात ते.

रविवारी सकाळी लेकीने मोबाईल खिडकीत टेकवून उभा केला. सुगरणीने ठेवणीतला पोशाख घातला, डाळीचं सूप रांधलं आणि रांधताना भरपूर बोलली. मीठ जवळजवळ नाहीच, असं दोनदा सांगितलं. सूप झाल्यावर तिघं मोबाईलवर घेतलेलं बघायला बसली. पडद्यावर कांदा भांड्यात पडला, आणि तिचा डावा हात बरणीकडे जाऊन चिमूट घेऊन आला. तोंड लसणाबद्दल बोलत होतं. पाण्याला उकळी आली, हात पुन्हा गेला. अर्धा चमचा दाखवून घातला तो वेगळाच. झाकण काढलं, आणि शेवटची, चांगली भरघोस चिमूट वरून पडली. तेव्हा तोंड म्हणत होतं, की चव मिठात नसते, हातात असते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. लेकीने मोबाईल बंद केला. ड्रायव्हरने तोंड भरून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं सुगरणीला वाटलं. तो फक्त उठला आणि सुपाचं भांडं झाकून ठेवलं. अठ्ठावीस वर्षं ज्याला ती हाताची चव म्हणत होती, ती दुकानात पुड्यातून मिळत होती. तिला स्वतःची इतकी किळस आली, जितकी जावेच्या जेवणाचीही कधी आली नव्हती. तपासणीला दोन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी तिने बरणी कपाटावर ठेवली. हात सवयीने ओट्यावर गेला, रिकामा आला, आणि मग पाय आपोआप स्टुलावर चढले. बरणी लेकीच्या खोलीत ठेवली, तिथेही जाऊन आली. या हाताचा भरवसा नाही, हे तिला पटलं. संध्याकाळी ती बरणी छातीशी धरून जिना चढली.

जावेने दार उघडलं, बरणीकडे बघितलं.

"अळणीबाईकडे मीठ मागायला आलीस?"

म्हणजे नाव तिला माहीत होतं. किती वर्षांपासून, हे विचारायची सुगरणीला छाती झाली नाही.

"मागायला नाही, जाऊबाई. द्यायला," ती म्हणाली. "ही तुमच्याकडे ठेवा. आणि रोज खाली येऊन मीठ तुम्ही घाला. मला घालू देऊ नका."

"माणसं किती?"

"तीन."

जाऊ सुरी आणि चमचा घेऊन मागोमाग खाली आली. दुधीची भाजी होती. तिने अर्धा चमचा भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला, त्यातला निम्मा परत बरणीत टाकला आणि बरणी काखोटीला मारून वर निघून गेली. एवढी वर्षं मनात साठवून ठेवलेलं तिला त्या वेळी सुनावता आलं असतं. तिने ते सुनावलं नाही, म्हणून सुगरणीला जास्त लागलं.

ड्रायव्हरने पहिला घास घेतला आणि थांबला.

"आज वहिनीने केलंय का?"

याहून मोठी शिवी त्या घरात नव्हती.

"मीच केलंय," सुगरण म्हणाली. "खा मुकाट्याने."

चौदा दिवस जाऊ दोन्ही वेळा खाली आली. चौदा दिवस सुगरणीने लसूण, लिंबू, मिरी, चिंच सगळं पणाला लावलं, आणि जेवण गिळण्याइतपत झालं, त्याहून फार नाही. शिंपी मशीन थांबवून वर बघेनासा झाला.

तपासणीच्या दिवशी ड्रायव्हर दुपारीच घरी आला. टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायला, आणि मग म्हणाला की प्रेशर उतरलंय, बस राहिली, तीन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत. सुगरण ओट्याला धरून उभी होती. त्याने रिकामा डबा तिच्यापुढे ठेवला.

"मेकॅनिकने आज एक घास घेतला. दुसरा मागितला नाही. वहिनी आजारी आहेत का, म्हणून विचारत होता."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, ती बरी आहे. आजारी मी होतो."

तिने डबा उचलला आणि धुवायला घेतला. बराच वेळ घासत बसली. मग हात पुसून दाराशी गेली, आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात वर तोंड करून तिने जावेला मीठ घालायला बोलावलं.