लहान गायीचं सव्वीस किलोचं वासरू

मंडळी, आज सकाळी आमची कोकण कपिला गाय व्याली. जात चणीने लहान, वासरंही लहानच होतात, तरी हे अडलं. नवऱ्याने आणि मी ओढून काढलं.

"तोलू नको गो, दिष्ट लागात," सासूबाई ओरडल्या. तरी मी ते मासळी तोलायच्या काट्यावर ठेवलंच. सव्वीस किलो! मागच्या दोन्ही वेतांना पंधराच्या आत होतं.

गाभण करायचं इंजेक्शन देणाऱ्याने "वीर्य कपिलेच्याच वळूचां आसा" म्हणून शपथ घेतली होती. त्याला फोन करून एवढंच म्हटलं, "गाय व्याली."

त्याचा पहिला प्रश्न, "अडली नाय मां?"

आमच्या कपिला कधी अडत नाहीत. अडतात त्या थोराड जर्सी वळूच्या वासराने. गाय अजून उठलेली नाही.

नुसतं "व्याली" ऐकून तुम्हाला कोणी असं विचारलंय?