रिकाम्या घरातला सुदेश

आखातात थंडी पडते असं गावाकडे सांगून बघा, लोक गालातल्या गालात हसतात. सुदेश मांडवकराने पहिल्याच हिवाळ्यात घरी फोन करून घोंगडी पाठव म्हटलं, तेव्हा त्याच्या बायकोने, सत्यभामेने, ते पडवीत बसलेल्या सगळ्यांना मोठ्याने ऐकवलं आणि वाडीतून दुबईला निघालेल्या एकाबरोबर घोंगडीऐवजी अर्धा डझन गंजीफ्रॉक धाडले. वर निरोप, की उन्हाने डोकं फिरलं असेल तर ताक प्या. आता तिची तरी काय चूक? आखात म्हणजे वाळू आणि वाळू म्हणजे भट्टी, एवढंच तिला ठाऊक. रास अल खैमाच्या डोंगरात, जेबेल जैसच्या वाटेवर, जानेवारीत नळाचं पाणी हाताला चावतं, हे राजापूरकडच्या माणसाला पटवायचं कसं?

त्या डोंगरात अजीजसाहेबांचं घर होतं. साहेब राहायचे अबूधाबीला, अल रीम आयलंडवरच्या एका उंच इमारतीत. डोंगरातलं घर फक्त हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी. एकेकाला थंडीची हौस असते बघा. वर्षभर एसीत बसायचं आणि थंडीचे दोन महिने डोंगरावर जाऊन हीटर लावायचे. घरात खोलीखोलीतून भिंतीला विजेचे रेडिएटर बसवलेले, पांढरेशुभ्र, आणि प्रत्येकाच्या कुशीला फिरवायचं एक बटण. ही बटणं फिरवणं सुदेशचं काम. शुक्रवारी दुपारी साहेबांचा फोन यायचा, "सुदेश, यल्ला, निकल रहे हैं." की हा आधी दिवाणखाना गाठायचा, कारण तिथलं छत उंच, तापायला वेळ लागतो. मग झोपायच्या खोल्या. साहेबांची मुलगी इनाया हिची खोली अगदी शेवटी, कारण दारात पाऊल टाकताच ती "टू हॉट, सुदेश" म्हणून नाक मुरडायची. एकदा त्याने खोली मुद्दाम गारच ठेवली, तर म्हणाली, "टू कोल्ड, सुदेश." तेव्हापासून तो बटण अर्ध्यावर ठेवून देवावर भरवसा टाकायचा.

त्याची स्वतःची जागा म्हणजे फाटकाजवळची पत्र्याची केबिन. तिथे तो एकच हिवाळा झोपला. दुसऱ्या हिवाळ्यात खोकून खोकून त्याचा आवाज बसला, तेव्हा नादियामॅडम, साहेबांच्या बायको, एके सकाळी त्याला म्हणाल्या, की स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपत जा, तिथे छोटा रेडिएटर आहे; फक्त साहेबांच्या कानावर नको. साहेबांना नोकरमाणसं घरात झोपलेली खपायची नाहीत. सुदेशने मान डोलावली आणि पुढची कितीतरी वर्षं तो तिथेच झोपला. साहेब यायच्या दिवशी वळकटी केबिनमध्ये, साहेब गेले की वळकटी परत आत. त्या छोट्या रेडिएटरशी त्याचं घरच्यासारखं झालं होतं. त्याच्यावर तो बनियन वाळवायचा, त्याच्याजवळ आंबोळीचं पीठ आंबायला ठेवायचा. फोनवर सत्यभामेला सांगायचा, "माझी खोली कशी, मांजराच्या पोटाखाली हात घातल्यासारखी." ती म्हणायची, मग मला कधी दाखवताय?

गेल्या वर्षी नादियामॅडम इनायाच्या कॉलेजसाठी लंडनला राहायला गेल्या, आणि त्या पावसाळ्याच्या सुमाराला साहेबांनी घर स्मार्ट करायला घेतलं. दुबईतल्या रास अल खोरच्या एका वर्कशॉपमधून रॉक नावाचा टेक्निशियन आला, वसईचा, मराठी बोलणारा. आल्याआल्या "काका, चहा आहे का?" म्हणून त्याने ओळख काढली. प्रत्येक रेडिएटरमागच्या डबीत तो काडेपेटीएवढं एक मॉड्यूल बसवत गेला आणि सुदेश स्टूल धरून उभा राहिला. बटणं रॉकने काढूनच टाकली, पाहुणे उगाच फिरवतात म्हणून. यापुढे सगळं साहेबांच्या फोनवरून. साहेबांची गाडी डोंगराच्या पायथ्याशी आली की घर आपसूक तापायला लागणार. निघून गेली की गारठणार. विजेचा हिशोबही फोनवरच दिसणार.

मग वेळा लावायला साहेब व्हिडिओ कॉलवर आले. रॉक एकेक खोली विचारत गेला आणि साहेब सांगत गेले. मागची खोली आली तशी रॉक थबकला. तिथली वळकटी त्याने पाहिली होती, खिडकीतला देवाचा फोटोही. त्याने फोन सुदेशकडे वळवला आणि साहेबांनाही कळावं म्हणून हिंदीत सरळच विचारलं, की हफ्ते के बीच में इधर कौन रहता है?

सुदेशच्या डोळ्यांपुढे मॅडम उभ्या राहिल्या. खरं सांगावं तर बाईमाणसाचा शब्द उघडा पडतो, नवऱ्याच्या पाठीमागे केलेली गोष्ट चव्हाट्यावर येते. ही भीड कोकणी माणसाच्या हाडात असते. समोरच्याची पंचाईत होऊ नये म्हणून तो स्वतःला पुसून टाकेल.

"कोई नहीं, साब," सुदेश म्हणाला. "घर खाली रहता है."

"परफेक्ट," साहेब म्हणाले. "तो खाली पर डाल दो."

रॉकने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मागच्या खोलीपुढे 'रिकामी' असं लावून टाकलं. जाताना गाडीत अवजारं ठेवता ठेवता म्हणाला, "सांगायचं होतंत ना, काका. आता ते माझ्या हातात राहिलं नाही." सुदेशने हसून त्याच्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी दिली.

हिवाळा आला तसं घर त्याचं ऐकायला लागलं. म्हणजे सुदेशने जे सांगितलं होतं, तेच अक्षरशः. साहेब नसताना सगळे रेडिएटर मुके. त्याने बाजारातून एक छोटा पंखेवाला हीटर आणला, तर दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन, की घरात वीज कुठे खेचली जातेय, उंदरांनी वायर तर कुरतडली नाही? हीटर खोक्यात परत गेला. सुदेश जॅकेट घालून, दोन चादरी पांघरून झोपू लागला. स्वतःपुरतं त्याचं काही म्हणणं नव्हतं.

पण जानेवारीत सत्यभामा आली. पुतण्या विघ्नेश दुबईत अल मनखूलला राहतो, त्याने तिचा व्हिजिट व्हिसा काढला होता. दोन दिवस ती त्याच्याकडे राहिली. विघ्नेशचा मुलगा आरव तिच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देई आणि ती त्याला लाडवात गुंडाळून मराठी चारायचा प्रयत्न करी. समिधा, विघ्नेशची बायको, म्हणाली, "काकी, वर डोंगरात थंडी फार, तुमचे गुडघे धरतील. इथेच राहा, काकाच येत जातील." सुदेशने ऐकलं नाही. इतकी वर्षं फोनवर वर्णन केलेली ऊबदार खोली बायकोला दाखवायची नाही, तर मग केलं काय इतकी वर्षं? साहेब त्या आठवड्यात येणार नव्हते. तो तिला घेऊन वर गेला.

खोलीत शिरल्याबरोबर तिने शाल घट्ट केली आणि रेडिएटरला हात लावून पाहिला. "हे तुमचं मांजर? मेलेलं दिसतंय."

सुदेश म्हणाला, दुरुस्तीला काढलाय. संध्याकाळी तिने आंबोळीचं पीठ भिजवून रेडिएटरजवळ ठेवलं. सकाळी ते होतं तसंच बसलेलं, एक बुडबुडा नाही. तिचे गुडघे मात्र फुगले होते. गादीवरून उठताना तिने भिंत धरली आणि सुदेशने तिला हात दिला, तर तिचा तळवा बर्फासारखा लागला. तेव्हा त्याला खोटं पुढे रेटवेना. मॉड्यूल, साहेबांसमोर रॉकने केलेला प्रश्न, आपलं उत्तर, सगळं त्याने सांगितलं.

सत्यभामेने रेडिएटरकडे बोट दाखवलं. "म्हणजे राहता तुम्ही, आणि सांगता कोणी राहत नाही. त्या यंत्राची काय चूक हो मग? त्याने तुमचं ऐकलं." मग गुडघ्यांवर शाल ओढत म्हणाली, "लावा फोन. माझ्यासाठी मागा, तुमच्यासाठी नको."

सुदेश अंगणात गेला, कारण बायकोसमोर साहेबांशी बोलणं त्याला जमलं नसतं. साहेबांनी लगेच उचलला. बायको आली आहे, तिला संधिवाताचा त्रास आहे, थोडी गर्मी मिळाली तर बरं होईल, असं त्याने अडखळत सांगितलं.

"अरे, मुबारक हो!" साहेब मनापासून खूश झाले. "पहले बोलना था ना. लेडीज को केबिन में थोड़ी सुलाते हैं? पीछेवाले कमरे में रखो, हबीबी. मैं अभी गरम करता हूँ, संडे तक." आणि फोन चालू असतानाच मागच्या खोलीच्या खिडकीतून सत्यभामेचा आवाज आला, की अहो, यात टिकटिक वाजतंय.

सुदेशने आभार मानले. तो फोन ठेवणार, तोच साहेब म्हणाले, बरं झालं तू केलास, मीच करणार होतो. आता सगळं फोनवरूनच चालतं. आठवडाभर घर रिकामंच असतं, तूच तर सांगितलंस. मग तिथे माणूस ठेवून करायचं काय? महिन्याअखेर तुझ्या व्हिसाची मुदत संपतेय, तो पुढे वाढवत नाही. केबिनही काढून टाकायची आहे. रास अल खोरला भावाचं गोदाम आहे, तिकडे विचारून बघतो, इन्शाल्ला.

सुदेशने तोंड उघडलं. "साब, मैं तो रहता हूँ इधर."

"हाँ हाँ," साहेब म्हणाले. "केबिन में ना?"

मॅडम लंडनला होत्या. त्यांना यातलं काही कळणारही नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं, की इतके हिवाळे मी तुमच्या घरात झोपलोय, या घराला मी ऊब दिलीय आणि घेतलीयही. सुदेशने फाटकाकडे पाहिलं, पत्र्याच्या केबिनकडे पाहिलं.

"हाँ, साब. केबिन में."

"चलो, खलास," साहेब म्हणाले. "वाइफ का खयाल रखना."

तो आत गेला तेव्हा सत्यभामा रेडिएटरला पाठ लावून बसली होती, पाय लांब सोडून, शाल बाजूला टाकून. गालांवर रंग आला होता. इतक्या वर्षांत तिला अशी आरामात बसलेली त्याने क्वचितच पाहिलं होतं. "बघा," ती म्हणाली, "मागितलं तर देतात हो माणसं. तुम्हालाच तोंड नाही." मग खिडकीतून बाहेर बघत तिने पुढचा बेत आखायला घेतला. टाकीजवळ ऊन चांगलं येतं, माती काळी नाही पण चालेल. पुढच्या हिवाळ्यात येताना वालाचं बियाणं घेऊन येते, कुंपणावर वेल चढवू, तुम्हाला बिरडं करून घालीन.

"आणू ना?" तिने विचारलं.

"आण," सुदेश म्हणाला.